आयास आणि धाप

धाप हा शब्द आमच्या घरात वर्षभर कुणी उच्चारला नव्हता. बाबा धापेनेच गेले. शेवटच्या महिन्यांत त्यांचा श्वास घरभर ऐकू यायचा. स्वयंपाकघरात, अंगणात, न्हाणीत दार लावून घेतलं तरीसुद्धा. ते गेल्यावर घर गप्प झालं. त्या गप्प घराची जराशी सवय होत आली होती, तेवढ्यात उन्हाळा लागला आणि कापशी धापायला लागली.

कापशी ही बाबांची कुत्री. पांढरी, केसाळ, नुकत्या उकललेल्या बोंडासारखी, म्हणून बाबांनी तिचं नाव कापशी ठेवलं. बाबा तेलंगणाच्या सीमेवर, भीमपूर मंडलातल्या म्हणजे तालुक्यातल्या मराठी शाळेत मास्तर होते. मीही त्याच भागातल्या एका मराठी शाळेत शिकवते. घरात आई आणि मी. धाकटा भाऊ दिलीप आदिलाबादला कचेरीत कारकून आहे आणि बायकोमुलांसह तिकडेच राहतो.

ज्यांच्या घरी एखादं मुकं जनावर असं धापतं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांची नावं मी सांगणार नाही; ती डॉक्टरांनी सांगायची. आमच्या हातून एक चूक झाली. ती औषधाची नव्हती, शब्दाची होती. ती आमच्या या सीमेवरच्या गावांतच होऊ शकते, असं मला वाटायचं. आता तसं वाटत नाही.

कूलर

आमच्याकडे चैत्र-वैशाखात कुत्रं धापताना दिसलं तर कुणी वळूनही बघत नाही. गावातली सगळी कुत्री हापशाखालच्या चिखलात पोट टेकून, जीभ बाहेर काढून पडलेली असतात. मीही कापशीकडे तसंच पाहिलं. तिच्या अंगावर केसही फार. उकडत असणार, असं म्हणून तिच्या पाण्याचं भांडं सावलीत सरकवलं आणि पुस्तक उघडलं.

आता मागे वळून पाहते तेव्हा बाकीचंही दिसतं. ओट्याची पायरी चढायचं तिनं सोडून दिलं होतं. कुशीवर निजायची नाही. पुढचे पाय फाकवून, मान लांब करून बसायची आणि बसल्या बसल्याच डोळे मिटायची. बाबांची लाकडी खुर्ची अजून तिथेच होती. कापशी तिच्या आडव्या दांडीवर हनुवटी टेकवून झोपायची. मधूनच घशात केस अडकल्यासारखा कोरडा ठसका यायचा. हे सगळं मी पाहत होते आणि प्रत्येकाला ऊन हेच कारण देत होते.

आईनं तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात आली आणि आधी तिनं बाबांची खाट असायची तिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. आत गेली, हात धुतले आणि बाहेर येऊन कूलर लावला, सगळ्यात मोठ्या वेगावर.

त्या दिवसापासून आमच्याकडे सकाळपासून कूलर चालू असायचा. जुना पत्र्याचा कूलर, जात्यासारखी घरघर करणारा. शेजारच्या गंगूबाई म्हणाल्या, "मास्तरीन, मानसं झाडाखाली बसून राह्यले आन तुमच्या घरी कुत्रीले थंडी वाजून राह्यली." मी हसले. आई कापशीसाठी एवढं करते याचं मला बरंच वाटलं होतं.

मग एके दुपारी आई म्हणाली, "तिले मांगच्या पडवीत ठेव. मले नाई ऐकवत."

तेव्हा कळलं की कूलर गारव्यासाठी नव्हता. त्याच्या घरघरीत तो श्वास बुडून जावा म्हणून होता.

मागच्या पडवीवर पत्रा आहे. तिथे दुपारी हात ठेववत नाही. मी नाही म्हटलं. आईनं वाद घातला नाही. तीच उठून स्वयंपाकघरात जाऊन बसली. पुढे कितीतरी दुपारी कापशी आणि मी कूलरसमोर, आणि माझी सत्तरीची आई चुलीच्या खोलीत, पदराने वारा घेत, दार ओढून. दिलीपला हे कळलं तेव्हा तो फोनवर मला म्हणाला, "माय भट्टीत बसून राह्यली आन तू कुत्रीपाशी बसली. बाबा असते तं तुले काय म्हनले असते?" बाबा काय म्हणाले असते ते मला माहीत नव्हतं. दोघींना दोन खोल्यांत ठेवल्याशिवाय दिवस जात नव्हता, एवढं खरं.

पहिला दवाखाना

कापशीनं खाणं सोडलं तेव्हा मी तिला घेऊन आदिलाबादला गेले. ऑटोत लोखंडी दांडीला हात लावला तर चटका बसत होता. मी तिच्या अंगावर ओला टॉवेल टाकला होता. तिथे पोहोचेपर्यंत तो टॉवेल कोमट झाला होता आणि ती अजूनच धापत होती. जाड ओलं कापड केसाळ कुत्र्यावर पांघरू नये, त्याखाली वाफ कोंडते. पोटाखाली आणि पंजांना पाणी लावावं. हे मला नंतर सांगितलं गेलं.

जनावरांच्या दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. उन्हानं पडलेल्या शेळ्या, एक वासरू, पोत्यात गुंडाळलेला एक बोकड. डॉक्टर तरुण होते, गोदावरीकडच्या भागातले. ते तेलुगू बोलायचे आणि थोडी तुटकी हिंदी. माझी तेलुगू कचेरीपुरती आहे. पगार, बदली, हजेरी, एवढ्यावर माझी अर्धी नोकरी निघाली. आजारपणाची तेलुगू मला कधी लागली नव्हती. बाबांच्या वेळी दवाखान्यात आत आई बसायची. मी औषधांसाठी बाहेर धावायची.

डॉक्टरांनी कापशीला टेबलावर घेतलं, नाकावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "इंट्ल कूडा आयासम उन्नदा?"

इंट्ल म्हणजे घरात. कूडा म्हणजे सुद्धा. उन्नदा म्हणजे आहे का. राहिला एकच शब्द, आणि तो तर माझाच होता. आयास म्हणजे श्रम, कष्ट. मी वर्गात मुलांना सायास आणि आयास या जोडीतला फरक फळ्यावर लिहून सांगितलेला आहे. मला वाटलं, ते विचारताहेत की घरीसुद्धा हिला काही श्रम होतात का, धावते का, खेळते का.

"लेदु, सार," मी म्हणाले. नाही. "पंडुकोनि उंटदि." पडूनच असते.

त्यांनी मान हलवली. मागे बोकडवाला घाई करत होता. ते 'वडदेब्बा' म्हणाले. हा शब्द मला येत होता. उन्हाळ्यात तो कचेऱ्यांच्या भिंतींवर लिहिलेला असतो. वडदेब्बा म्हणजे ऊन लागणं. त्यांनी सलाईन लावलं, थंड जागी ठेवा म्हणाले आणि पुढचे काही दिवस सलाईनसाठी घेऊन या म्हणून सांगितलं.

परतीच्या वाटेवर मला फार हलकं वाटलं होतं. ऊन लागलं होतं, एवढंच. ऊन उतरतं. आजही त्या सगळ्या दिवसांतली मला सगळ्यात नकोशी आठवण ती सुटकेची आहे.

करंट गेला तेव्हा

सलाईननं ती सुधारली नाही. डॉक्टरांनी सांगितलं तसं मी सगळं केलं. फरशी पुसून ओली ठेवली, पंजे भिजवले, कूलरच्या टाकीत गार पाणी भरत राहिले. तरी ती दिवसेंदिवस ताठ बसायला लागली. आता डोळेही मिटायची नाही. ठसक्याबरोबर नाकाशी पांढरा फेस दिसला. मी तो पुसला आणि आईला सांगितलं नाही.

मग एका दुपारी करंट गेला. कूलर थांबला.

घरघर बंद झाल्यावर खोलीत फक्त तो श्वास उरला. छोटा, पोटातून ओढलेला, शेवटी किंचित अडकणारा. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ते उघडलं. आई बाहेर आली, भिंतीला धरून कापशीजवळ खाली बसली आणि तिनं तळवा तिच्या बरगड्यांखाली सरकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"हिचं आंग तं गार हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, आत्ताच ओलं केलंय.

"तं मंग धापते काऊन?"

गार फरशीवर, गार अंगानं, एवढ्या वेळात ती एकदाही हलली नव्हती आणि तरी धापत होती. मला दिसायला हवं होतं ते एवढंच होतं. कूलरसमोर मी रोज तिच्याजवळ बसत होते, हातात पुस्तक धरून.

"डाक्टरनं इचारलं काय होतं? अन् तू सांगतलं काय व?"

मी जसं झालं तसं सांगितलं. इंट्ल कूडा आयासम उन्नदा. मी लेदु म्हटलं.

आई माझ्याकडे पाहत राहिली. तिचा आवाज चढला नाही. "सुमन," ती म्हणाली, "आयासम म्हनजेच धाप, माय."

बाबांच्या वॉर्डात आजूबाजूच्या खाटांवर तेलुगू बायका बसलेल्या असायच्या, नवऱ्यांचे, सासऱ्यांचे पाय चेपत. नर्स प्रत्येक खाटेशी येऊन तोच प्रश्न विचारायची, आयासम तग्गिंदा, धाप कमी झाली का. तो शब्द आई तिथे ऐकून ऐकून शिकली होती. वर्षभर तोही तिनं घरात आणला नव्हता.

आईनं दाखवलं

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही निघालो. बाबा गेल्यापासून आईनं कुठल्याच दवाखान्याची पायरी चढलेली नव्हती. मी एकटी जाते म्हटलं, तर ती म्हणाली, "तू पुन्हा मराठीतच आयकशीन." आणि ऑटोत बसली. कापशीला तिनं मांडीवर घेतलं. दिलीप कचेरीत सांगून दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभा होता.

अडचण अशी झाली की ऑटोच्या प्रवासानं कापशी आता कुठल्याही कुत्र्यासारखीच जीभ काढून धापत होती. डॉक्टरांनी पाहिलं आणि ऊन, प्रवास, असं काहीतरी म्हणाले. मी मनात तेलुगू वाक्य जुळवत होते. झोपेत, तोंड मिटलेलं असताना, गार अंगानं. क्रियापद सापडत नव्हतं.

आई बाकावर बसली. तिनं खांदे वर उचलले, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, मान पुढे काढली, डोळे मिटले. आणि श्वास घ्यायला लागली. छोटा, पोटातून, शेवटी किंचित अडकणारा. एक, मग लगेच दुसरा, मग तिसरा. ओठ मिटलेले. नाकपुड्या फुलत होत्या.

रांगेतल्या एका शेळीवाल्यानं आपल्या शेळीचं तोंड धरून ठेवलं. दिलीप भिंतीकडे वळला आणि मग बाहेर निघून गेला. आई कापशीचा श्वास दाखवत होती, पण आम्ही दोघांनी तो ओळखला होता. जो आवाज ऐकू नये म्हणून ती चुलीच्या खोलीत दार लावून बसत होती, तोच आवाज ती स्वतःच्या छातीतून काढत होती, परक्या माणसांसमोर, न थांबता.

मग तिनं डोळे उघडले. "निद्रल कूडा, सार," ती म्हणाली. "इट्लने."

झोपेतसुद्धा. अस्साच.

डॉक्टरांनी कापशीचं तोंड एका हातानं हलकेच मिटून धरलं आणि दुसऱ्या हातानं नळी तिच्या छातीला लावली. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. नंतर छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटोत तिचं हृदय वाढलेलं होतं आणि छातीत पाणी होतं. म्हणजे ज्या सलाईनसाठी मी तिला रोज उन्हातून आणत होते, ते नेमकं तिला द्यायला नको होतं.

त्यांनी मला विचारलं की घरी धाप नाही असं मी का सांगितलं होतं. मी सांगितलं. आमच्यात आयास म्हणजे कष्ट. त्यांनी तो शब्द मराठीसारखा एकदा म्हणून पाहिला. मग हिंदीत म्हणाले, "मैं भी एक बार फिर से पूछना था, मैडम."

कुणी माझ्या वाट्याची चूक स्वतःकडे अर्धी ओढून घेतली, ते तेवढंच.

बरे दिवस

पाणी उतरवण्याच्या गोळ्यांनी कापशी सारखी लघवी करायची. आईनं जुनी लुगडी फाडून तिच्याखाली अंथरली. पहिल्याच आठवड्यात कापशी एके सकाळी कुशीवर निजली. पाय सरळ, पोट उघडं, एक कान फरशीवर दुमडलेला. आईनं मला हातानं खुणावून बोलावलं आणि आम्ही दोघी दारात उभ्या राहून एक कुत्री झोपलेली पाहत होतो.

ती झोपेत असताना श्वास पाहत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी घड्याळ घेऊन बसायची. आईची रीत वेगळी होती. ती उठायची, कूलरचं बटण बंद करायची आणि बटणावर हात तसाच ठेवून, मान कलती करून ऐकायची. मग म्हणायची, आज बरी हाय. किंवा काही म्हणायची नाही. आणि कूलर पुन्हा लावायची.

त्या दिवसांत ती बाबांविषयी बोलायला लागली. मोठं काही नाही. कापशी खुर्चीच्या दांडीवर हनुवटी टेकवायची तेव्हा म्हणायची, "हिलेबी तेच खुर्ची पाह्यजे, तुह्या बापावानी." दिलीप रविवारी यायचा. तो आता कुत्रीविषयी काही बोलत नसे. आल्यावर आधी कूलरची टाकी भरायचा.

हे दिवस थोडे होते. डॉक्टरांनी तसं सांगून ठेवलं होतं. तरी ज्यांच्या घरी असं आजारपण आहे त्यांना सांगते, ते दिवस येतात. आले की पुस्तक मिटून ठेवा.

शेवट

उन्हाळा संपत आला तेव्हा आभाळ भरून यायला लागलं. पाऊस नव्हता, नुसती उमस. कोरड्या उन्हात कूलर गारवा देतो. उमसेत बंद खोलीत तो नुसती ओल वाढवतो आणि जनावराला ती सोसत नाही. आम्ही दारं-खिडक्या सताड उघडल्या. तरी सकाळीच कापशीचा श्वास बदललेला होता. आईला तो बटण बंद न करताच कळला.

मी दिलीपला फोन केला, ऑटोवाल्याला निरोप धाडला. ऑटो यायला वेळ लागला. तोवर आई भिंतीला टेकून बसली होती, कापशीचं डोकं तळहातांत उचलून धरून, मान सरळ राहावी म्हणून. जीभ जांभळट झाली होती. प्रत्येक श्वासासाठी तिचं सगळं अंग वर उचललं जायचं. मी पंख्यानं वारा घालत होते आणि सारखी रस्त्याकडे पाहत होते.

आई तिच्या कानाशी वाकली. "झालं बाई, झालं," ती म्हणाली. "आता नोको घेऊ."

कापशीनं आणखी थोडे घेतले. मग घेतले नाहीत.

बाबांच्या शेवटच्या वेळी आईला आत सोडलं नव्हतं. काचेच्या दाराबाहेर ती आणि मी उभ्या होतो. तिला त्यांना काय सांगायचं होतं, ते मला त्या सकाळी कळलं.

दिलीपनं मागच्या अंगणात लिंबाखाली खड्डा खणला. जमीन तापून दगड झाली होती, त्याला फार वेळ लागला. आईनं कापशीला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि हात जोडून, ओठांतल्या ओठांत 'बुद्धं सरणं गच्छामि' असं त्रिसरण म्हटलं. कुंपणापलीकडून गंगूबाईंनी विचारलं, "कुत्रीचंबी त्रिसरण करता का मास्तरीनबाई?"

आईनं मान न वळवता उत्तर दिलं. "तुमची म्हैस मेली तवा तुमी दोन दिवस जेवल्या नव्हत्या, गंगूबाई."

थोड्या वेळानं गंगूबाईंनी कुंपणावरून पाण्याची घागर पुढे केली, माती दाबायला.

मी डॉक्टरांना फोन करून कळवलं. सुरुवातीचे ते सलाईनचे दिवस गेले नसते तर ती आणखी जगली असती का, असं विचारलं. कदाचित, म्हणाले. कदाचित नाही. मी याहून वेगळं काही ऐकायला फोन केला होता का, ते मला माहीत नाही.

तुमचं जनावर गार जागी, गार अंगानं, झोपेत धापत असेल तर ते ऊन नाही. उशीर करू नका. आणि कुणी परक्या भाषेत काही विचारलं, त्यात एखादा ओळखीचा शब्द लागला, तर त्याच्यावर विसंबून हो-नाही म्हणू नका. कळलं नाही म्हणा. तेही जमत नसेल तर आजाऱ्याचा श्वास स्वतः घेऊन दाखवा. तो सगळ्यांना कळतो.

शाळा उघडल्या आहेत. उकाडा अजून आहे. काल दुपारी मी घरी आले तेव्हा आई खुर्चीवरून उठली, भिंतीशी गेली आणि तिनं कूलर बंद केला. बटणावर हात ठेवून, मान कलती करून ती उभी राहिली. मीही दारातच थांबले, पायातली चप्पल न काढता. घरात काहीच ऐकू येत नव्हतं. आईनं तेही थोडा वेळ ऐकलं. मग तिनं कूलर पुन्हा लावला.